फाइल उघडत नाही, पण ती गेली असं अजून म्हणू नका

*ताई, नमस्कार. मी डोंबिवलीला राहते आणि अंधेरीच्या एका छोट्या ई-लर्निंग कंपनीत काम करते. आम्ही एका रुग्णालयासाठी कोर्स करतोय. वॉर्डबॉय, आया, सफाई कर्मचारी यांना संसर्ग कसा टाळायचा ते शिकवायचं, असा विषय. काम आर्टिक्युलेट स्टोरीलाइनमध्ये, म्हणजे आर्टिक्युलेट कंपनीच्या कोर्स बनवायच्या प्रोग्रॅममध्ये आहे. आधी इंग्रजी कोर्स झाला, मग त्यावरून मी मराठी केला. मराठी आवाज स्टुडिओत रेकॉर्ड करून बसवलाय. सगळ्या फाइली ऑफिसच्या शेअर्ड क्लाउड ड्राइव्हवर असतात आणि तिथूनच उघडून काम करायचं अशी पद्धत आहे.*

*गुरुवारी संध्याकाळी मी सेव्ह केलं, लॅपटॉप मिटला आणि निघाले. रात्री एका सहकाऱ्याने घरून तीच फाइल उघडून क्विझमधले दोन प्रश्न दुरुस्त केले. शुक्रवारी सकाळी फाइल उघडेना, करप्ट आहे असा मेसेज येतो. फोल्डरमध्ये आता जवळजवळ त्याच नावाच्या दोन फाइली दिसतात, एकीच्या नावापुढे काहीतरी जास्तीचं जोडलंय. साहेब म्हणतात, सिंक व्हायच्या आधी, म्हणजे बदल ड्राइव्हवर पोचायच्या आधी, लॅपटॉप मिटलास म्हणून हे झालं. सहकारी माझ्याशी नीट बोलत नाही, मीही त्याच्याशी बोलत नाही. महिनाअखेरीस कोर्स द्यायचाय. फाइल परत मिळेल का? आणि चूक खरंच माझी आहे का?*

*— एक वाचक, डोंबिवली*

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. सहकाऱ्याने रात्री तीच फाइल उघडली आणि प्रश्न दुरुस्त केले. म्हणजे तुम्ही लॅपटॉप मिटल्यानंतर काही तासांनी ती फाइल त्याच्याकडे धड उघडत होती. जी फाइल उघडून त्याला दोन प्रश्न बदलता आले, ती तेव्हा करप्ट असणं शक्य नाही. मोडतोड झाली ती त्यानंतर. आणि रात्री जर धड फाइल होती, तर तिची प्रत कुठेतरी सापडण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून पहिलं काम हे की त्या सहकाऱ्याशी बोला, आजच. तुमच्या कोर्सची सगळ्यात चांगली प्रत या घडीला बहुतेक त्याच्या लॅपटॉपवर आहे.

त्याच्याशी बोलण्याआधी पाच मिनिटांचं एक काम करा आणि त्यालाही करायला सांगा. दोन्ही लॅपटॉपवर सिंक थांबवा. ड्राइव्हच्या आयकॉनवर क्लिक केलं की पॉजचा पर्याय मिळतो. मग फोल्डरमधल्या दोन्ही फाइली आपापल्या सी ड्राइव्हवर एका नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा. कॉपी, मूव्ह नाही. यापुढे जे काही प्रयोग करायचे ते या प्रतींवर, मूळ फाइलींना हात लावायचा नाही. करप्ट फाइल पुन्हा पुन्हा उघडून बघणं, त्याच नावाने नवीन काही सेव्ह करणं, ड्राइव्हचं ॲप अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकणं, खात्यातून साइन आउट होणं, ही सगळी कामं घाबरल्यावर माणूस करतो आणि तिथेच नुकसान वाढतं. अपलोड न झालेले बदल कधीकधी त्या ॲपच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, फक्त त्या एका लॅपटॉपवर पडून असतात. साइन आउट केलं की तेही जातात.

आता जुन्या आवृत्त्या. शेअर्ड ड्राइव्ह कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून तिन्ही सांगते. गूगल ड्राइव्ह असेल तर ब्राउझरमध्ये उघडा, फाइलवर राइट क्लिक करा आणि फाइल इन्फर्मेशनमधून मॅनेज व्हर्जन्सवर जा. स्टोरीलाइनसारख्या बाहेरच्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या तिथे ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या होईपर्यंत राहतात, मग आपोआप पुसल्या जातात. एखादी आवृत्ती कायम ठेवायची तर तिच्यासमोर कीप फॉरएव्हर निवडावं लागतं. वनड्राइव्ह असेल तर ब्राउझरमध्ये फाइलवर राइट क्लिक करून व्हर्जन हिस्टरी. व्यक्तिगत खात्यात शेवटच्या २५ आवृत्त्या मिळतात, ऑफिसच्या खात्यात किती ठेवायच्या ते ॲडमिन ठरवतो. ड्रॉपबॉक्समध्येही व्हर्जन हिस्टरीच म्हणतात, साध्या खात्यात ती ३० दिवसांची असते. कचऱ्याची टोपलीही उघडून बघा. गूगलमध्ये ३० दिवस, वनड्राइव्हच्या व्यक्तिगत खात्यात ३० आणि ऑफिसच्या खात्यात ९३ दिवस वस्तू तिथे राहते. कुणी घाबरून जास्तीची वाटणारी फाइल डिलीट केली असेल तर ती तिथे सापडेल.

यादीत गुरुवार संध्याकाळची आणि गुरुवार रात्रीची अशा आवृत्त्या दिसल्या तर रिस्टोअर दाबू नका. आधी प्रत्येक आवृत्ती वेगळ्या नावाने डाउनलोड करा, सी ड्राइव्हवर ठेवा, मग उघडून बघा. जी उघडेल तिच्यापासून पुढे जा. बहुतेक लोकांची गोष्ट इथेच संपते आणि तुमचीही इथेच संपावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

इथे काही मिळालं नाही तर दोघांच्याही लॅपटॉपवर आणखी एक जागा आहे. विंडोजची की आणि आर एकदम दाबा, जी छोटी चौकट येईल तिच्यात टक्क्याचं चिन्ह, ॲपडेटा, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं इंग्रजीत (%appdata%) टाइप करून एंटर करा. जे फोल्डर उघडेल त्यात आर्टिक्युलेट आणि त्याच्या आत स्टोरीलाइन. तुमच्या प्रोजेक्टच्या नावाने सुरू होणारी आणि डॉट टीएमपीने संपणारी फाइल तिथे आहे का बघा. एकाहून जास्त असतील तर सगळ्यात अलीकडची घ्या, डेस्कटॉपवर कॉपी करा, शेवटचं टीएमपी काढून तिथे स्टोरी लिहा आणि उघडा. ही तात्पुरती प्रत असते. असेलच असं नाही, पण बघायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. फाइलच्या नावाचा हा शेवटचा भाग विंडोज बऱ्याचदा लपवून ठेवतं. विंडोज ११ मध्ये व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स असं केलं की तो दिसतो.

हे सगळं करूनही उघडणारी फाइल मिळाली नाही, तर करप्ट फाइलच्याच पोटात शिरायचं. त्यासाठी ती आतून कशी असते ते सांगायला हवं, कारण कुणी हे समजावून देत नाही आणि मग माणूस सगळंच गेलं असं धरून बसतो. डॉट स्टोरी फाइल ही खरं तर झिप फाइल असते. तुमच्या स्लाइड, चित्रं, आवाज, सगळं वेगवेगळ्या लहान फाइलींच्या रूपात आत बांधलेलं असतं. आणि झिपची रचना अशी की आत काय काय आणि कुठे आहे याची यादी अगदी शेवटी लिहिलेली असते, अनुक्रमणिका शेवटच्या पानावर छापलेल्या पुस्तकासारखी. ते शेवटचं पान फाटलं तर आतला मजकूर जवळजवळ सगळा शाबूत असूनही स्टोरीलाइन म्हणतं, ही फाइल मला वाचता येत नाही. अर्धवट कॉपी झालेल्या, मध्येच तुटलेल्या फाइलींचं नेमकं हेच होतं, कारण तुटतो तो शेवटचा भाग.

म्हणून आधी फाइलचा आकार बघा. शून्य केबी असेल तर त्या प्रतीत काहीच नाही, तिच्यावर वेळ घालवू नका. आधीच्या आवृत्त्यांपेक्षा आकार थोडाच कमी असेल तर बरीच आशा आहे. प्रतीचं नाव बदलून शेवटी झिप करा आणि सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा. तो विंडोजच्या स्वतःच्या झिपपेक्षा जास्त सहनशील आहे. उघडली तर आत स्टोरी नावाचं फोल्डर आणि त्यात मीडिया दिसेल. तुमच्या स्टुडिओतल्या आवाजाच्या फाइली आणि चित्रं तिथे असतात. सेव्हन-झिपनेही हात टेकले तर विनरारमध्ये रिपेअरची सोय आहे. ती यादी नव्याने बांधण्याचा प्रयत्न करते आणि रीबिल्ट असं नाव जोडून वेगळी फाइल तयार करते. अशी दुरुस्त केलेली फाइल पुन्हा स्टोरी करून स्टोरीलाइनमध्ये उघडेलच असं धरून चालू नका, पण निदान मीडिया बाहेर काढता येतो. आकार पूर्ण आहे आणि तरी आत काही वाचता येत नाही, असंही होतं. लिहिता लिहिता मशीन बंद पडलं तर कधीकधी जागा राखली जाते पण तिच्यात नुसती शून्यं भरलेली राहतात. त्या प्रतीतून कुणीच काही काढू शकत नाही.

हे मुद्दाम लिहिते, कारण अशा वेळी कुणीतरी लॅमिंग्टन रोडला लॅपटॉप घेऊन जा म्हणतंच. तिथल्या डेटा रिकव्हरीवाल्यांचं काम हार्ड डिस्क बिघडली किंवा फाइल डिलीट झाली तर उपयोगाचं. तुमची डिस्क ठणठणीत आहे, फाइलही जागेवर आहे, ती फक्त चुकीची लिहिली गेली आहे. तिथे पैसे घालवू नका. त्यापेक्षा आर्टिक्युलेटच्या सपोर्टकडे केस टाका आणि फाइल पाठवा. मात्र रुग्णालयाशी गोपनीयतेचा करार असेल तर साहेबांना विचारून मगच.

फाइल उघडते पण एखाद्या स्लाइडवर आली की प्रोग्रॅम बंद पडतो, असा प्रकार त्या दोनपैकी एका फाइलचा असू शकतो. तेव्हा नवीन रिकामं प्रोजेक्ट घ्या, इम्पोर्टमधून त्या फाइलमधले सीन, म्हणजे स्लाइडचे गट, एकेक करून आणा आणि प्रत्येक वेळी नवीन नावाने सेव्ह करा. ज्या सीनवर अडकेल त्यातली खराब स्लाइड सोडून बाकीच्या आणा. चाळीस स्लाइड परत मिळाल्या आणि एक पुन्हा करावी लागली तर ते दुःख नव्हे.

आता तुमच्या बाबतीतली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मराठी कोर्स तुम्ही इंग्रजीवरून केला. भाषांतरासाठी स्टोरीलाइनमधून वर्डची फाइल एक्स्पोर्ट केली होती का? बहुतेक जण तसंच करतात. ती भरलेली वर्ड फाइल भाषांतरकाराच्या ईमेलमध्ये, तुमच्या डाउनलोड्समध्ये, कुठे ना कुठे असणारच. तसं असेल आणि इंग्रजीची मूळ फाइल धड उघडत असेल, तर अगदी सगळे उपाय हरले तरी तुमचा कोर्स बुडालेला नाही. इंग्रजी फाइलची प्रत करा, त्या प्रतीत ट्रान्सलेशनमधून भरलेली वर्ड फाइल इम्पोर्ट करा. सगळा मराठी मजकूर जागच्या जागी बसेल. अट इतकीच की एक्स्पोर्ट केल्यानंतर इंग्रजी फाइलमध्ये फार उलथापालथ झालेली नसावी आणि वर्डच्या तक्त्यातल्या ओळखक्रमांकांच्या रकान्याला कुणी हात लावलेला नसावा. मग आवाज पुन्हा बसवायचे, ओळी उड्या मारत असतील तिथे अक्षरांचा आकार सारखा करायचा, टायमिंग जुळवायचं. आवाजाच्या मूळ फाइली स्टुडिओकडे मागा, ते सहसा जपून ठेवतात. हे दमवणारं काम आहे हे मला माहीत आहे, पण ते काही दिवसांचं आहे, दोन महिन्यांचं नाही. महिनाअखेर गाठता येईल.

आणि मराठी कोर्स एकदा तरी पब्लिश करून रुग्णालयाला बघायला दिला असेल तर ते पॅकेजही शोधा. पब्लिश केलेल्यावरून पुन्हा स्टोरी फाइल बनवता येत नाही, पण अंतिम मजकूर काय होता, कुठल्या स्लाइडला कुठला आवाज होता हे समोर ठेवून काम करता येतं. आठवणीवर भिस्त ठेवावी लागत नाही.

चूक कुणाची, हा तुमचा दुसरा प्रश्न. मी जागेवर नव्हते, त्यामुळे त्या रात्री नेमकं काय झालं ते ठामपणे सांगणार नाही. पण नुसता लॅपटॉप मिटल्यामुळे झालं हे मला पटत नाही आणि कारण वर सांगितलंच. तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून माझा अंदाज वेगळा आहे. तुमच्या लॅपटॉपवरचे शेवटचे बदल अपलोड व्हायचे राहिले असतील. सहकाऱ्याने थोडी जुनी प्रत उघडून त्यावर काम केलं असेल. सकाळी तुमचा लॅपटॉप उघडला, नेट मिळालं आणि दोन वेगवेगळ्या प्रती एकाच नावावर येऊन आदळल्या. दोन फाइली दिसतात त्या त्यामुळे. जास्तीचं नाव जोडलेली फाइल म्हणजे ड्राइव्हने वेगळी काढून ठेवलेली एकाची प्रत. ती उघडून बघितलीत का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. लोक मूळ नावाची फाइलच उघडत राहतात आणि शेजारची धड फाइल तशीच पडून राहते.

करप्ट होण्याचं मूळ मात्र याच्याही आधीचं आहे, ते म्हणजे थेट ड्राइव्हवरून काम करण्याची पद्धत. वर्ड किंवा एक्सेल दोघांनी एकदम उघडलं तर चालतं, कारण ते प्रोग्रॅम तशा सहकामासाठी तयार केलेले आहेत. स्टोरी फाइल एकावेळी एकाच माणसाची असते. तुमचा बदल आणि त्याचा बदल एकत्र करणं क्लाउडला जमत नाही. त्याच्या दृष्टीने ती एक बंद पेटी आहे, एक तरी ठेवायची किंवा दुसरी. शिवाय तुम्ही सेव्ह दाबता तेव्हा प्रोग्रॅम सगळा गठ्ठा नव्याने बांधून लिहीत असतो आणि त्याच क्षणी सिंकचं ॲप तीच फाइल उचलून अपलोड करायला धावतं. मोठी फाइल, घरचं वायफाय किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट, अशा वेळी दोघांची ओढाताण होते. आर्टिक्युलेटच्या स्वतःच्या सूचनांत स्पष्ट म्हटलंय की काम कॉम्प्युटरच्या लोकल ड्राइव्हवर करा. नेटवर्क ड्राइव्हवर किंवा यूएसबीवर केलं तर फाइल करप्ट होणं, सेव्ह न होणं, चित्रं-आवाज गायब होणं असे प्रकार होऊ शकतात. तुम्हाला ड्राइव्हवरूनच काम करा असं सांगितलं गेलं होतं. तुम्ही सांगितलेलं पाळलंत. साहेबांशी बोलताना सहकाऱ्याचं नाव न घेता ही सूचनाच त्यांच्यासमोर ठेवा. ज्या पद्धतीत एका मुलीने लॅपटॉप मिटल्यावर कोर्स धोक्यात येतो, ती पद्धत बदलायला हवी. हे त्यांना ऐकवायला तुम्ही अजिबात कचरू नका.

नवी पद्धत अगदी साधी ठेवा. सी ड्राइव्हवर, थेट मुळाशी, प्रोजेक्ट्स नावाचं फोल्डर करा आणि काम तिथेच. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समध्ये नको, कारण अनेक लॅपटॉपवर वनड्राइव्ह ही दोन्ही फोल्डरं आपल्याकडे ओढून घेतं आणि आपल्याला वाटत राहतं की फाइल इथेच आहे. खात्री करायची तर तिथल्या कुठल्याही फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये तिचा पत्ता बघा, त्यात वनड्राइव्ह हा शब्द दिसला तर ती सिंक होते आहे. फाइलचं नाव छोटं ठेवा आणि इंग्रजी अक्षरांत. आपलं मराठी नाव कितीही आवडत असलं तरी इथे नको, चिन्हंही नकोत. फोल्डरच्या आत फोल्डर असं करत पत्ता लांबला की विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा आडवी येते. क्लायंटचं नाव, वर्ष, मॉड्यूल, फायनल, फायनल-दोन असं करत ती बघता बघता गाठली जाते.

दर संध्याकाळी सेव्ह ॲज करून नावात तारीख घाला, स्टोरीलाइन पूर्ण बंद करा आणि मगच ती प्रत ड्राइव्हवर टाका. अपलोड पूर्ण झाल्याची खूण दिसेपर्यंत लॅपटॉप मिटायचा नाही. घाटकोपरला मेट्रो सोडून फास्ट लोकल पकडायची असेल तर हे ऑफिसातून निघण्याआधी करा. हॉटस्पॉटवर ट्रेनमध्ये अपलोड करायला जाऊ नका, रेंज मध्येच जाते. गाडीत काम करायचंच असेल तर सी ड्राइव्हवर निर्धास्त करा, नेट लागतच नाही.

दोघांनी एकाच कोर्सवर काम करायचं असेल तर क्विझची वेगळी फाइल करा. ती सहकाऱ्याकडे, स्लाइड तुमच्याकडे, शेवटी तुम्ही ती इम्पोर्ट करून घ्या. आणि एका साध्या शीटमध्ये फाइल आत्ता कोणाच्या हातात आहे ते लिहीत जा. ज्याचं नाव तिथे नाही त्याने ती फाइल उघडायची नाही, बघायला म्हणूनसुद्धा नाही.

रुग्णालयाला काय सांगायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. आज-उद्या आवृत्त्या शोधून बघा. तोवर त्यांना काही कळवायची गरज नाही. पण इंग्रजीवरून पुन्हा बांधायची वेळ आलीच, तर साहेबांना त्याच दिवशी रुग्णालयाला कळवायला सांगा आणि मराठीच्या पहिल्या दोन सीनची तारीख आधी द्या. ज्या बायका रोज वॉर्ड पुसतात, त्यांना हातमोजे कधी बदलायचे हे आपल्या भाषेत कळणार आहे. सगळं एकदम देता आलं नाही तरी हात धुण्याचा आणि हातमोज्यांचा भाग आधी देता येतो. रुग्णालयालाही ते चालतं का, एवढं विचारून घ्या. आणि शेजारची ती दुसरी फाइल उघडली की काय निघालं ते मला जरूर लिहा.